शिरबंदरचं स्थळ

शिरबंदर,
११ डिसेंबर २०२४

जोतीरामास आक्काचा आशीर्वाद. मी पोचलो. धडधाकट हाय.

फोन का केला न्हाई म्हणून तुझ्या बायकोनं, क्रांतीनं, आतापत्तूर निम्म्या कागलाला सांगितलं असंल. तिला सांग, हितं रेंज मिळती ती डोंगरावर, आन् माझं गुडघं डोंगर चढत न्हाईत. तसंबी फोन आला की तू स्पीकर लावतोस. मला बोलायचं असतंय भावाशी, आन् ऐकती सगळी गल्ली. त्यापरीस आपल्या गल्लीतला कृष्णात बरा. त्याची एसटी एक दिवस हिकडं येती, दुसऱ्या दिवशी माघारी जाती. कंडक्टर माणूस, जाता-येता चिठ्ठी नेईन म्हणालाय.

तू मला कशाला धाडलंस ते ध्यानात हाय. आपली पोरगी तेजस्वी कोल्हापुरात दूध तपासायच्या लॅबमधी नोकरीला, हा धवल परब बी तितंच, आन् दोघांनी लगीन करायचा हट्ट धरलाय. तू म्हणलास, "आक्का, समुद्राकडची माणसं, आपल्याला त्यांचं काय म्हाईत न्हाई. तू जाऊन घर बघ आन् काय ती खोट काढून ये." खोट काढायला माझ्यासारखं दुसरं कोण न्हाई. तेजस्वीला आजवर जेवढी स्थळं आली ती माझ्याच तोंडानं मोडलीत.

तर ऐक. फाट्यावर धवल न्यायला आलता. पोरगं उंच हाय, बोलतंय कमी. घर चिऱ्याचं, वर कौलं, मागं माडाची झाडं, आन् माडांच्या मागं समुद्र. मी सोप्यातल्या झोपाळ्यावर बसलो. पोराच्या आईनं, श्यामलाबाईनं, चा आणला. कप तोंडाला लावला आन् मनात म्हटलं, आता चा झाला की एकेक खोली बघायची. छत गळतंय का, न्हाणीघरात उजेड हाय का, स्वैपाकघरात सून उभी ऱ्हाईल का वाकून करंल, सगळं.

तेवढ्यात देवळाकडनं नगारा वाजला.

नगारा वाजला तशी घरातली सगळी उठली. श्यामलाबाईनं माझ्या हातातनं कप काढून घेतला, त्यातला चा ओतून दिला, आन् कोंबड्यांची डालगी माझ्या हातात दिली. "चला," म्हणाली. मला वाटलं कुठंतरी आग लागली. भाईर येऊन बघतोय तर आख्खं गाव रस्त्यावर. म्हसरं, गायी, शेरडं, पोत्यात घातलेली मांजरं, डोक्यावर भांडी, गॅसची टाकी सायकलीवर. एका म्हाताऱ्यानं पोपटाचा पिंजरा छातीशी धरलेला. कुणी रडत न्हाई, कुणी पळत न्हाई. जत्रेला निघाल्यागत.

आता मी गावाच्या शिवेभाईर झावळ्यांच्या खोपीत बसून हे लिवालोय. शेजारी परबांची म्हस रवंथ करालीया. तीन दिवस कुणी घरात पाऊल टाकायचं न्हाई म्हणत्यात. तू मला घर बघायला पाठवलंस, आन् घराला कुलूप हाय. काय करू ते कळीव.

माझी मिश्रीची डबी त्याच घरात ऱ्हायली. ह्यापरीस वाईट काय न्हाई.

— आक्का

*

कागल,
१२ डिसेंबर

आक्का, पाया पडतो.

तुझी चिठ्ठी कृष्णातनं दिली. क्रांतीनं मोठ्यानं वाचली आन् मी डोकं धरून खाली बसलो.

मला सगळं समजलंय. त्या लोकांना घरातनं काढलंय. धरण असंल, न्हाईतर कोर्टाचा काय निकाल असंल. नगारा वाजवून आख्खं गाव भाईर काढलं म्हंजी प्रकरण मोठं हाय. आन् ती बिचारी तुझ्यापुढं अब्रू झाकायला म्हणत्यात, तीन दिवसांनी परत जाऊ. आक्का, तू त्यांना टोचून बोलू नगंस. दुखात असतील. गोड बोल आन् गोडीनंच स्थळाला नको म्हण.

पर लगेच निघू नगंस. म्हंजी नको लगेच म्हण, यायचं तेवढं सावकाश ये. प्रवासानं दमली असशील. सोमवार-मंगळवार कवाबी ये. रविवारच्या आत येऊ नगंस. एसटीला गर्दी असती.

तुझी चिठ्ठी ऐकून तेजस्वी हसाय लागली. मी म्हटलं, "अगं, त्या माणसांचं घर गेलं." तर आनिकच हसली. म्हणाली, "बाबा, त्यांच्यात देवानं सांगितलं की गाव भाईर जातं." आता देव कशाला असलं सांगंल? पोरीचं त्या धवलपायी डोकं फिरलंय, दुसरं काय न्हाई.

हिकडं तुझ्या म्हशीनं ताप दिलाय. मी खाली बसलो की पान्हा चोरती. क्रांती बसली तर लाथ घालती. सकाळी बादलीत दूध आलं ते आमच्या तिघांच्या चाला बी पुरलं न्हाई. तू तिला काय गाणं-बिणं म्हणून दाखवतीस काय? असलं तर लिहून धाड.

— जोतीराम

*

शिरबंदर, शिवेभाईर,
१३ डिसेंबर

जोतीराम,

आशीर्वाद मागनं देतो. आधी नीट वाच, आन् क्रांतीला मोठ्यानं वाचू देऊ नगंस.

कुणी कुणाला घरातनं काढलेलं न्हाई. हितं धरण न्हाई आन् कोर्ट न्हाई. तेजस्वीनं तुला बरोबर सांगितलं. ह्याला गावपळण म्हणत्यात. चार-पाच वर्षांनी एकदा देव रवळनाथाला कौल लावत्यात, आन् देवानं हुकूम दिला की आख्खं गाव तीन दिवस शिवेच्या भाईर. माणूस, जनावर, कोंबडी, काय बी आत ऱ्हात न्हाई. तेवढे दिवस गावात देव एकटा. का म्हणून इचारलं, तर एक म्हातारा म्हणाला, देवालाबी निवांतपणा पायजे. दुसरा म्हणाला, पूर्वी कवातरी साथ आलती. तिसरा म्हणाला, आमचा आजा करायचा म्हणून आमी करतो. मला तिसऱ्याचं पटलं.

शाळा चिंचेखाली भरती. न्हाव्यानं काजूच्या झाडाला आरसा टांगलाय. मुंबईला नोकरीला गेलेली माणसं एवढ्यासाठी रजा काढून आलीत, आन् मोठ्या मोठ्या हुद्द्याची माणसं चड्डीवर पाणी भरालीत.

आता पोराचं. पहिल्याच दिवशी मी त्याला हुकूम सोडला, "जा, कुलूप काढ आन् माझी मिश्रीची डबी आण. कोण बघतंय?" तर म्हणतो, "आत्या, दुसरं काहीही सांगा. आत मी जाणार नाही." मी म्हटलं, "मग लगीन इसर." त्यानं मान खाली घातली. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, खोट सापडली, पोरगं मोठ्या माणसाचं ऐकत न्हाई. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघतो तर ह्यानं सायकल मारत बाजाराच्या गावाला जाऊन तंबाखू आणलेली. श्यामलाबाईनं ती पत्र्यावर भाजली. भाजताना सगळ्या रानाला ठसका लागला, म्हसरंसुद्धा शिंकली, पर तिनं भाजून, वाटून मला दिली. आता ह्याला खोट म्हणायचं का काय म्हणायचं, ते मी अजून ठरवलेलं न्हाई.

काल दुपारी श्यामलाबाईशी माझं भांडण झालं. तिनं बांगड्याचं कालवण केलतं. मी म्हटलं, "बाई, ह्यात खोबरं घातलंय का खोबऱ्यात मासा घातलाय?" आजवरच्या स्थळांतली कुठलीबी बाई असती तर तोंडावर हसली असती आन् आत जाऊन रडली असती. ही पळी घेऊन उभी ऱ्हायली आन् म्हणाली, "आणि तुमी चटणी आणलास, तेच्यात मिरची आसा, की मिरचीतच तुमी आसास?"

तितनं सुरू झालं. नारळावरनं मटणावर, मटणावरनं भाकरीवर. चार खोपीतली माणसं बघायला गोळा झाली. शेवटाला तिनं मला इचारलं, "तुमी बाईमाणूस मां? मगे 'मी आलो, मी गेलो' असा पुरुषासारख्या कित्याक बोलतास?" मी म्हटलं, "आमच्या कोल्हापुरात बायका अशाच बोलत्यात. बाईचं येगळं आन् बाप्याचं येगळं बोलत बसायला आमाला येळ न्हाई." मग तिनं माझ्या ताटात सगळ्यात मोठा तुकडा वाढला. मी खाल्ला. चव कशी हुती ते आत्ता सांगत न्हाई.

पोराच्या बापाला सगळं गाव दाजी म्हणतं. ते नाव हाय, नातं न्हाई. दाजी दिवसभर गप असत्यात, कारण बायकोपुढं त्यांची पाळी येत न्हाई. त्यांनी मला मासा साफ करायला शिकवला.

आता एक इचारतो. एकाच कागदावर तू लगेच नको म्हण म्हणतोस आन् रविवारच्या आत येऊ नगंस म्हणतोस. डिसेंबरात एसटीला कसली गर्दी? रविवारी आपल्या घरात काय हाय?

म्हशीला गाणं लागत न्हाई. तिला मी लागतो.

— आक्का

*

कागल,
१४ डिसेंबर

आक्का,

पाया पडतो, आन् जरा रागानंच पडतो.

कृष्णातला कुणी सांगितलं हुतं एसटी थांबवून तुमच्या खोपीत डोकवायला? संध्याकाळी पानपट्टीवर उभा राहून सगळ्यांना सांगितलं, "आक्का दाजींच्या शेजारी बसून मासं साफ कराल्यात आन् हसाल्यात." आक्का, आपले दाजी जाऊन बारा वर्सं झाली. कागलात आपल्या बहिणीच्या नवऱ्याला दाजी म्हणत्यात. मग एकजण माझ्या घरी आला आन् हळूच म्हणाला, "जोतीराम, आक्कांनी ह्या वयात असा निर्णय घेतला, तरी तू मन मोठं ठेव." मी तुझी चिठ्ठी काढून त्याला दाखवली, ते नाव हाय, नातं न्हाई म्हणून. तो म्हणाला, "चिठ्ठीत तर असंच लिवणार की." आता मी काय करू ते तूच सांग.

दुसरं, तू हसत हुतीस म्हणे. खोट काढायला गेलेलं माणूस हसतं का?

म्हस आता दूध देती. कसं ते इचारू नगंस. क्रांतीची आयडिया हाय, आन् मला त्याबद्दल बोलायचं न्हाई.

रविवारी काय न्हाई. गोठ्याचा पत्रा बदलायचाय. धूळ उडंल, तुला खोकला हुईल, म्हणून म्हटलं. तू तिथली हवा खा. नको म्हणून झालं का न्हाई, तेवढं लिव. अजून नको म्हटल्याचं कुठंच लिवलेलं न्हाईस.

तेजस्वी लई गोड वागाय लागलीया. सांगंल ते काम करती. मला भ्या वाटालंय.

— जोतीराम

*

शिरबंदर,
१५ डिसेंबर

जोतीराम,

आशीर्वाद. आता बसून वाच. क्रांतीलाबी बसीव.

काल तीन दिवस भरले. गावचे मानकरी तेवढे देवळात गेले आन् परत यायचा कौल लावला. पाषाणाला दोन्ही बाजूंनी कळ्या चिकटवत्यात. उजवी पडली तर या, डावी पडली तर थांबा. डावी पडली. सगळ्यांनी बांधलेलं सामान हसत हसत सोडलं. मी सोडून कुणालाच वाईट वाटलं न्हाई, आन् खरं सांगायचं तर मलाबी लई वाटलं न्हाई. श्यामलाबाईनं तांबडा रस्सा शिकायला घेतला हुता, तो निम्म्यावर आलता. तिखट किती घालायचं ह्यावरनं आमचं पुन्ना वाजलं. ह्या बारीला तिनं पाटा सोडला न्हाई आन् मी तिचा हात सोडला न्हाई.

आज सकाळी उजवी पडली. वाजतगाजत आख्खं गाव आत गेलं, पर घरी न्हाई, पहिल्यांदा देवळात. तितं गाऱ्हाणं असतंय. म्हंजी गावकर, हितला मुख्य मानकरी, देवापुढं उभा राहून गावाच्या वतीनं एकेक मागणं मागतो, आन् प्रत्येक मागण्याला सगळी मिळून म्हणत्यात, "व्हय म्हाराजा."

मला लई बरं वाटलं. म्हटलं ह्यांच्यातबी व्हयला व्हयच म्हणत्यात की. मी आपला आवाज लावला. गावकर म्हणाला, होडीवाल्यांच्या जाळ्याला बरकत दे. मी म्हटलं, "व्हय म्हाराजा." कुणाच्यातरी गाभण गाईचं मागितलं. "व्हय म्हाराजा." कुणाच्या तरी पोराची परीक्षा. "व्हय म्हाराजा." तुला ठावं हाय माझा आवाज. चार गाऱ्हाण्यांत देवळातली सगळी माझ्या मागनं म्हणाय लागली.

मग गावकर म्हणाला, "आणि बा देवा रवळनाथा, ह्या परबांच्या झिलाचा काम कोल्हापूरच्या पावण्यांकडे जुळान येता हा. काय चुकला-माकला आसात ता पोटात घाल, आणि ह्या लगीन मार्गी लाव रे म्हाराजा."

झील म्हंजी पोरगा. ते मला मागनं कळलं. लगीन म्हंजी लगीन, ते आधीच कळायला पायजे हुतं. पर तोंडाला लय लागलेली. मी म्हटलं, "व्हय म्हाराजा." आन् ह्या बारीला माझ्याबरूबर कुणीच म्हटलं न्हाई, सगळी माझ्याकडं बघत उभी. माझा एकटीचा आवाज देवळात घुमला.

श्यामलाबाईनं माझा हात धरला. दाजी चार दिवसांत पहिल्यांदा मोठ्यानं बोलले. म्हणाले, "पावणी व्हय म्हणाली."

तर असं झालंय. देवाच्या दारात सबुद गेलाय. चुकून गेला, पर गेला. घर बघायचं म्हणशील तर दुपारी उघडलं. एक खोली बघितली, दुसरी बघायची इसरलो.

आन् कृष्णात आत्ता म्हणाला, तुमच्याकडं आज कबनूरची माणसं येणार हुती. गोठ्याचा पत्रा कबनूरचा असतोय का?

— आक्का

*

कागल,
१६ डिसेंबर

आक्का,

पाया पडतो. आज खरंच पडतो.

गोठ्याचा पत्रा न्हवता. कबनूरचं स्थळ हुतं. यंत्रमागवाली माणसं, तीन मजली बंगला, एकुलतं पोरगं, नाव विश्वजित. तू असलीस की तू काहीतरी बोलतीस आन् माणसं चपला घालून निघून जात्यात, म्हणून म्हटलं आक्का तिकडं हाय तवर उरकून घ्यावं. सगळं ठरवलं हुतं. अकरा वाजता येणार हुती ती माणसं.

नऊलाच आली.

आता म्हशीचं सांगतो. ती तुझ्याशिवाय दूध देईना, तवा क्रांती म्हणाली, तुमी आक्कांचं लुगडं नेसून बसा. पहिल्या दिवशी मी तिला शिव्या घातल्या. दुसऱ्या दिवशी नेसलो. म्हशीनं वास घेतला, आन् बादली भरली. तवापासनं रोज नेसतोय. तर काल सकाळी मी तुझं हिरवं लुगडं नेसून, डोक्यावरनं पदर घेऊन म्हशीखाली बसलोय, मिशीला दुधाचा फेस, आन् दारात पांढरी गाडी येऊन उभी ऱ्हायली. कबनूरची बाई उतरली आन् मला म्हणाली, "मावशी, जोतीराम चौगुल्यांचं घर हेच का?"

मी काय बोलणार? हातातली धार सोडली तर म्हस परत देणार न्हाई. मी पदर जरा पुढं ओढला आन् म्हटलं, "व्हय." माझा आवाज ऐकून ती बाई दोन पावलं मागं सरली.

तेजस्वी भाईर आली. तिनं काय करावं? तिनं शांतपणानं सांगितलं, "हे माझे बाबा. बसा, धार संपली की येतील." पोरगी अशी बोलली जसं कागलात सगळेच बाप लुगडं नेसत्यात.

मी बादली ठेवून तसाच सोप्यात गेलो, कारण बदलायला आत जायचं म्हंजी त्यांच्या पुढनंच जायचं. बसलो खुर्चीवर. पोराचा बाप माझ्याकडं बघून हसाय लागला. म्हणाला, "चौगुले, तुमच्या घरात पुरुषमाणूस नक्की कोण आहे?" मी ते गिळलं. बंगला डोळ्यापुढं ठेवला आन् गिळलं. मग पोराच्या आईनं तेजस्वीला इचारलं, लग्नानंतर नोकरी सोडणार का? तेजस्वी म्हणाली, "नाही." सरळ, तिच्या आवाजात. तर ती बाई म्हणाली, "आमच्यात सुना इतक्या मोठ्यानं बोलत नाहीत हो."

तेजस्वीनं इचारलं, "मग काही हवं असलं तर कशा मागतात?"

ती बाई म्हणाली, "आमच्यात मागावं लागतच नाही." आन् पोरगं, आक्का, पोरग्यानं पाण्याचा गिलास उचलायच्या आधी आईकडं बघितलं.

मग मला काय झालं म्हाईत न्हाई. मी उठलो, पदर कमरेला खोचला आन् म्हटलं, "पावणं, आमच्यात सगळीच मोठ्यानं बोलत्यात. म्हशीसुद्धा. तुमाला तरास हुईल. चा घ्या आन् निघा." अगदी तुझ्यासारखं बोललो. क्रांती म्हणाली, डोळं मिटून ऐकलं असतं तर आक्काच वाटल्या असत्या.

गेली ती माणसं. चा न घेता गेली. तेजस्वी माझ्याजवळ येऊन बसली आन् तिनं माझ्या पदराच्या निऱ्या सारख्या केल्या.

तर आक्का, आता तूबी तिकडचं मोडून ये. कबनूर नको, समुद्रबी नको. पोरगी आपली हितंच बरी हाय. कशाला घाई.

— जोतीराम

ता. क. कृष्णात आत्ता तुझी चिठ्ठी देऊन गेला. आक्का, व्हय म्हटलीस? मी तुला नको म्हणायला पाठवलं. उभ्या जन्मात तू कुणाला व्हय म्हटलेली न्हाईस, मी सायकल मागितली तवाबी न्हाई. चुकून गेला म्हंजी काय? चुकून गेलेला सबुद चुकून गेला म्हणून परत घेता येतो. तू त्या गावकराला जाऊन सांग. आजच सांग.

*

शिरबंदर,
१७ डिसेंबर

जोतीराम,

आशीर्वाद, आन् ह्या बारीला मनापासनं. कबनूरचं वाचून मी एवढं हसलो की श्यामलाबाई पळत आली. तिला वाचून दाखवलं. तिनं दाजींना सांगितलं, दाजींनी गावाला. आता हितं तुला सगळी ओळखत्यात. माझं हिरवं लुगडं धुवून ठेव.

आता चुकून गेलेल्या सबुदाचं. तुला मागच्या चिठ्ठीत निम्मंच लिवलं. उरलेलं आज लिवतो.

तो गावकर सज्जन माणूस हाय. दाजी 'पावणी व्हय म्हणाली' असं म्हणाले, तवा त्यानं हात वर करून सगळ्यांना गप केलं. माझ्याकडं वळला आन् म्हणाला, "बाई, तुमी पावणी. आमची भाषा तुमका समाजली नसात. चुकान म्हटलास तर काय हरकत नाय, देव रागावचो नाय. परत इचारतंय. ह्या लगीन मार्गी लागूचा असा तुमका वाटता काय?"

धवल खांबाला टेकून उभा हुता, त्याचं तोंड पांढरंफटक पडलेलं. श्यामलाबाईनं माझा धरलेला हात सोडला. मुद्दाम सोडला, जोतीराम. माझ्यावर वजन पडू नये म्हणून. ही बाई कालवणातल्या खोबऱ्यावरनं माझ्याशी तासभर भांडती, आन् एवढ्या मोठ्या गोष्टीला तिनं हात सोडला.

मी तुझ्याकडनं नको घेऊनच आलतो. ते जिभेवर हुतं. पर मला तेजस्वीला बघायला आलेली सगळी घरं आठवली. सगळीकडं माणसं साखरेगत बोलायची, आन् मला कळायचं न्हाई की ही माणसं रागावल्यावर कशी असतील. हितं मला पहिल्या दिवसापासनं राग दिसला. चार दिवस एका खोपीत ऱ्हायलो, भिंत न्हाई, दार न्हाई, लपवायला जागा न्हाई. भांडण झालं, आन् भांडल्यावर जेवायला वाढलं. तेजस्वीची जीभ आपल्या घरची हाय. तिला असंच घर पायजे जितं उलट बोललं तरी ताट पुढं येतं.

म्हणून मी पुन्ना म्हटलं, "व्हय म्हाराजा." पहिलं तोंडातनं गेलं. दुसरं मी म्हटलं.

आनिक एक कळलं. यायची तारीख तेजस्वीनंच काढलेली. काल धवलनं कबूल केलं. तिनं त्याला सांगितलं हुतं, "आत्तीला घर दाखवू नका, ती भिंतीतली फट काढील. गावपळणीत आणा आणि माणसं दाखवा." माझ्या हातात वाढलेली पोरगी मला फसवती. मला राग यायला पायजे हुता. आला न्हाई.

तू म्हणतोस पोरगी हितंच बरी हाय. ते मला नवीन न्हाई. तुला स्वताच्या तोंडानं नको म्हणवत न्हाई आन् पोरगीबी सोडवत न्हाई, म्हणून तू दर बारीला मला पुढं करतोस. मीबी जातो, कारण मलाबी सोडवत न्हाई. पर तिला सव्वीस सरलं, जोतीराम. आता पुढचं तुझ्या तोंडानं व्हायला पायजे. मी सबुद दिलाय तो आत्तीचा. बापाचा तू दे, न्हाईतर देऊ नगंस, पर काय ते दाजींना स्वता लिव. मी मधी येणार न्हाई.

कालवणाची चव चांगली हुती.

— आक्का

*

कागल,
१८ डिसेंबर

श्री. दाजी परब यांस,

जोतीराम रामचंद्र चौगुले यांचा नमस्कार.

आपले खरे नाव आम्हांस कुणी सांगितले नाही, तरी वरील नावाने लिहीत आहे, त्याबद्दल राग नसावा. सदर नावामुळे आमच्या गावात थोडा घोटाळा झाला होता, तो आता मिटला आहे.

आमच्या भगिनी बाळाबाई यांचा आपण इतके दिवस सांभाळ केला. त्यांचा सांभाळ करणे किती अवघड आहे हे आम्ही जाणतो. त्यांनी आपल्या देवळात दिलेला शब्द आम्हांस कळला. त्यावर आम्ही उभयतांनी विचार केला. म्हणजे पत्नीने लगेच होकार दिला, विचार मी एकट्यानेच केला. काल गोठ्यात बसून केला आणि आज सकाळी पण केला.

नंतर मी मुलीस विचारले. विचारायला मला जमले नाही, म्हणून मी म्हटले, "त्या समुद्राकडे वारा फार असतो म्हणे." ती म्हणाली, "असतो, बाबा." मग ती म्हणाली, "तुम्ही नको म्हणालात तर मी नाही जाणार." आजवर तिने अशी परवानगी माझ्याकडे कधी मागितली नव्हती. मोठ्याने भांडली असती तर मला सोपे गेले असते.

तरी आमचा होकार समजावा. येत्या रविवारी आपण सहकुटुंब कागलला यावे. जेवणात तिखट असेल. श्यामलाताईंना सांगावे, काय बोलायचे ते मोकळेपणाने बोलावे, आमच्या घराला सवय आहे.

आता एक खाजगी. हे आम्ही कुठल्याच स्थळाला सांगितलं नाही, खोट म्हणतील म्हणून. तेजस्वीला घाटात गाडी लागते. लहानपणापासून हाय. तवा तिला कधी घेऊन जाल तर खिडकीची जागा द्या, हातात लिंबू द्या, आन् कुणी तिच्याशी बोलू नका. ती गप बसली म्हणून रागावली असं समजू नका. घाट उतरला की ती आपली आपण बोलाय लागती. एकदा मोठ्यानं बोलाय लागली की समजा पोरगी बरी हाय.

— जोतीराम